आधी हात, मग किल्ली

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी भाषण करणारा माणूस नाही. घरची कोरडवाहू जमीन आहे. खरिपाला कापूस, रब्बीला ज्वारी. उरलेल्या वेळात गावात ट्रॅक्टर, जीप आणि तेल इंजिने दुरुस्त करतो. कार्यकर्ते म्हणाले, "मिस्त्री, रोज जे बघता तेच सांगा." म्हणून उभा राहिलो आहे.

रोज काय बघतो? बागायतदाराचे यंत्र चालून चालून झिजते आणि आपले यंत्र उभे राहून खराब होते. कोरडवाहू शेतकऱ्याचा ट्रॅक्टर नांगरटीला आणि पेरणीला राबतो, मग लिंबाखाली उभा. मळणी यंत्राचे इंजिन ज्वारीची खळी झाली की पुढच्या वर्षापर्यंत गोठ्यात. जुनी जीप लग्नसराईपुरती. आणि दुष्काळ पडला तर वर्ष वर्ष कशालाच हात लागत नाही. मग एक दिवस पाऊस पडतो, वापसा येतो, आणि आपण धावत जाऊन किल्ली फिरवतो. नुकसान होते ते त्या एका मिनिटात.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २०१६ साल आठवा. लागोपाठ दोन दुष्काळ झाले होते. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. माझा ट्रॅक्टर जवळजवळ दोन वर्षे उभा होता. काम नव्हते आणि डिझेलला पैसेही नव्हते. बँकेचे हप्ते मात्र उभे नव्हते, ते चालूच होते. सप्टेंबरच्या अखेरीला मराठवाड्यात जोराचा पाऊस झाला. ओढे भरले, विहिरींना पाणी आले. चार दिवसांनी उघडीप मिळाली, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा ज्वारीच्या पेरणीजोगी ओल दिसली.

मी शेजाऱ्याची बॅटरी आणून जोडली आणि सेल्फ मारला. इंजिन थोडे हलले आणि 'खट्' करून थांबले. मला वाटले, बॅटरी कमी पडली. पुन्हा मारला, पुन्हा 'खट्'. थोरले काका बांधावर उभे होते. ते म्हणाले, "अरे, जरा थांब, आत काय झाले ते तरी बघ." मी ऐकले नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावली, टोचन केले, गिअर टाकून क्लच सोडला. इंजिनातून असा आवाज आला की काका मटकन खाली बसले.

काय झाले होते? सायलेन्सरच्या उभ्या नळीच्या तोंडावर मी पत्र्याचा डबा उपडा घातला होता. तो वाऱ्याने कधीच उडून गेला होता. पावसाचे पाणी नळीतून खाली उतरले, ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा होता त्यात शिरले आणि पिस्टनवर साचले. हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर गेला, पाण्याला अडला, आणि मागून ट्रॅक्टर ओढतो आहे! कनेक्टिंग रॉड वाकला, लायनर फुटला. इंजिन उतरवावे लागले. भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी गावात रांग होती. माझा नंबर लागेपर्यंत वरची ओल खाली गेली. ज्वारी विरळ उगवली, दाणा कमी आणि कडबाही कमी. उन्हाळ्यात एक बैल विकावा लागला, तो त्या 'खट्'मुळे.

इंजिन खोलले त्या गॅरेजात मी पंधरा दिवस बसून राहिलो. हे काम मी तिथेच शिकलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मला एकच वाक्य दिले, ते मी तुम्हाला देतो: आधी हात, मग किल्ली. उभे राहिलेले इंजिन पहिल्यांदा हाताने फिरवायचे. किल्ली सगळ्यात शेवटी.

आता उभ्या इंजिनात काय बिघडते ते समजून घ्या. कारण समजले की कृती पाठ करावी लागत नाही.

चालत्या इंजिनात सगळीकडे तेलाचा पातळ थर असतो. इंजिन महिनोन्‌महिने उभे राहिले की ते तेल निथळून खालच्या टाकीत जाते. लायनर, रिंगा, बेअरिंगे कोरडी पडतात. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो, आतल्या हवेतला ओलावा दवासारखा लोखंडावर बसतो. त्याने गंज चढतो आणि रिंगा लायनरला धरतात. डिझेलच्या टाकीतही तसेच दव जमते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जंतू वाढतात आणि काळपट बुळबुळीत गाळ तयार होतो. बॅटरी बसल्या जागी उतरते. उंदीर एअर क्लीनरमध्ये घर करतो, वायर कुरतडतो. कडब्याच्या गंजीजवळ ट्रॅक्टर उभा असेल तर विचारूच नका. आणि उंदरामागे साप येतो. म्हणून बॉनेट उघडताना आधी काठीने ठोका, आत एकदम हात घालू नका.

आता कामाचा क्रम सांगतो.

पहिले काम जागेचे. यंत्र उघड्यावर घ्या. चाकांना पुढून मागून दगड लावा, गिअर न्यूट्रल करा. बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवा, म्हणजे हात आत असताना कोणी किल्ली फिरवली तरी काही होणार नाही. पोरे आणि विडी दोन्ही लांब ठेवा.

दुसरे काम डोळ्यांचे. सायलेन्सरच्या तोंडात बघा, एअर क्लीनर उघडा. घर, काडीकचरा, गांधीलमाश्यांचे पोळे काढा. तेलाचा एअर क्लीनर असेल तर जुने तेल ओतून नवे भरा. वायरी आणि रबरी नळ्या हाताने चाचपून बघा; तडकलेली नळी आज बदलली तर स्वस्त, रानात फुटली तर महाग. रेडिएटरमध्ये पाणी बघा. मग ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. असे इंजिन सुरू करायचे नाही, मिस्त्रीला दाखवायचे. ऑइल बरे दिसले तरी वर्ष उलटले असेल तर ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलूनच टाका. पाच लिटर ऑइलची किंमत आणि क्रँकची किंमत यांची तुलना तुम्हीच करा.

तिसरे काम इंधनाचे. टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. खाली पाणी बसले, गाळ दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, फिल्टर बदला. पेट्रोलच्या गाडीत जास्त काळजी घ्या. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे चिकट राळ उरते, ती कार्बोरेटरची बारीक भोके बुजवते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल पाणी ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटते आणि तळाशी बसते. तेच पहिल्यांदा इंजिनात जाते. म्हणून वर्षभर पडलेले पेट्रोल काढून टाका. त्याचा वास रंगाच्या डब्यासारखा येतो, त्यावरून ओळखता येईल.

चौथे काम हाताचे, आणि हे सगळ्यात मोठे. पेट्रोलच्या गाडीचे प्लग काढा. डिझेलच्या इंजिनाचे नोझल काढता येत असतील तर काढा, नाहीतर माहितगार माणसाकडून काढून घ्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा. चमचाभरच! जास्त ओतले तर तेही पाण्यासारखेच पिस्टनला अडवते. तासभर मुरू द्या. मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा, फिरायच्या दिशेनेच. बहुतेक इंजिने समोरून बघितली तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात. बाण कोरलेला असेल तर तो बघा.

पूर्ण दोन वेढे द्या. दोनच का? चार ठोक्यांच्या इंजिनात दोन वेढ्यांत प्रत्येक पिस्टन एकदा दाबावर येतो. नोझल न काढता फिरवले तर दाबावर येताना पाना जड होईल, जरा धरून ठेवला की सैल होईल. ती हवा. पण पाना एकदम थटला, धरून ठेवूनही सैल होत नाही, तर आत पाणी आहे किंवा काही अडकले आहे. तिथेच थांबा. नोझल काढून फिरवले की पाणी भोकातून बाहेर उडते. तेव्हा तोंड त्या भोकावर ठेवू नका. मी २०१६ साली एवढे केले असते तर माझा एक तास गेला असता, बैल राहिला असता.

इंजिन अजिबातच फिरत नसेल तर रिंगा धरल्या आहेत. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून थोडे सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पुढेमागे हलके हलके हलवा. पान्याला लांब पाइप लावून लटकू नका. आणि टोचन तर मुळीच नको.

पाचवे काम बॅटरीचे. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. बाराच्या खाली गेली असेल तर आधी चार्जिंग. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने भडकतो आणि बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत जाते. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची असेल तर तीही बारा व्होल्टचीच हवी, ट्रकच्या चोवीसची नको. आधी धन टोकाला धन टोक जोडा. मग चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाची वायर उतरलेल्या बॅटरीला नाही, तर बंद इंजिनाच्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी तिथे पडते, तिथे वायू नसतो. वायर काढताना उलट क्रम.

सहावे काम तेल वर चढवायचे. सगळे जोडले की इंजिन सुरू न करता नुसते सेल्फवर फिरवायचे. डिझेल इंजिनाचा बंद करायचा नॉब ओढून धरा. पेट्रोलच्या गाडीत प्लग काढलेलेच ठेवा आणि ठिणगी बंद करा. जुन्या गाडीत कॉइल बंद ठेवतात, नव्या गाडीत ते मिस्त्रीकडून करून घ्या. दहा सेकंद सेल्फ, मग एक-दोन मिनिटे विश्रांती, नाहीतर सेल्फ जळतो. असे तीन-चारदा केले की ऑइलचा काटा हलतो किंवा लाल दिवा विझतो. म्हणजे बेअरिंगांना तेल पोचले. डिझेल फिल्टर बदलला असेल तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत. नोझलमधून उडणाऱ्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तो कातडी फोडून आत शिरतो. आणि नव्या कॉमन रेल इंजिनाची लाइन घरी उघडूच नका, तिच्यातला दाब जुन्या पंपाच्या कितीतरी पट असतो.

आता किल्ली फिरवा. सुरू झाले की अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. मंद चालू द्या आणि ऑइलच्या दिव्याकडे बघा. पाच-दहा सेकंदांत दिवा विझला नाही तर इंजिन बंद करा. पहिली दहा मिनिटे शेजारीच उभे राहा. कुठे गळते का, पाणी तापते का, आवाज वेगळा येतो का बघा. थोडा पांढरा किंवा निळा धूर पहिल्यांदा येतो, आपण आत सोडलेले ऑइल जळत असते. निघायच्या आधी क्लच आणि ब्रेक बघा. क्लचची प्लेट चिकटून बसलेली असते, ब्रेक गंजून धरलेले असतात. आवाराबाहेर जाण्याआधी जागेवरच ब्रेक मारून खात्री करा.

भावांनो, इथपर्यंत मी यंत्राचे सांगितले. यंत्र गेले तर कर्ज काढून पुन्हा येते. आता माणसाचे सांगतो. चार गोष्टी आहेत.

पहिली. किल्लीने सेल्फ लागत नाही म्हणून चाकांच्या मधे उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस टेकवतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होतो आणि तिथेच मोठे चाक अंगावरून जाते. पळायला जागा नसते. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करायचा. किल्ली लागत नसेल तर स्विच आणि वायर दुरुस्त करायची.

दुसरी. हंडलाचे इंजिन. हंडल उलटा मारतो आणि मनगट मोडतो. हे जगभर होत आले आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत आला, तो लोकांची याच हंडलातून सुटका करण्यासाठी. आपल्याकडे तेल इंजिन अजून हंडलाने चालते. तेव्हा हंडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीत आवळू नका. हंडल उलटला तर हात सुटून येतो. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला रुमाल आधी खोचून घ्या. आणि सुरू होत नाही म्हणून डिझेल इंजिनाच्या एअर क्लीनरमध्ये पेट्रोल किंवा ईथर मारू नका. वेळेआधी भडका होतो, रिंगा तुटतात, हंडल उलटतो.

तिसरी. कधी कधी दुरुस्तीनंतर डिझेल इंजिन बेफाम पळते, नॉब ओढूनही थांबत नाही. त्याला घाबरून पळू नका आणि त्याच्यावर वाकूही नका. हवा तोडली की ते मरते. म्हणून सुरू करण्याआधी एअर क्लीनरच्या तोंडाच्या मापाची जाड फळी जवळ ठेवा आणि वेळ आली तर ती तोंडावर दाबून धरा. हात किंवा सैल फडके लावू नका, इंजिन ते ओढून घेते.

चौथी गोष्ट मायबहिणींनी विशेष ऐकावी, कारण घरच्या माणसाला अडवणे त्यांच्याच हातात असते. पाणी खोल गेले की इंजिन विहिरीत टप्प्यावर उतरवतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही. विहिरीत किंवा बंद खोलीत तो साचतो. माणसाला नुसते डोके जड वाटते, मग पाय लटपटतात, मग तो तिथेच पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. एका घरातून दोन तिरड्या निघतात त्या अशा. काही जण कंदील सोडून बघतात. कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असे समजू नका. प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो. कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारण्याइतका असला तरी कंदील जळतच राहतो. तेव्हा विहिरीच्या आत इंजिन चालवायचे नाही. बंद शेडमध्ये तपासणीपुरतेही सुरू करायचे नाही. आणि कोणी खाली पडलेच तर कमरेला दोर बांधून उतरतो म्हणणाऱ्यालाही अडवा. १०८ ला आणि अग्निशमन दलाला फोन करा, तोवर वरून हवा सोडा.

शेवटी, हा सगळा व्याप पुढच्या वर्षी टाळायचा असेल तर यंत्र उभे करतानाच चार कामे करा. ऑइल बदलून इंजिन थोडे चालवा. डिझेलची टाकी काठोकाठ भरा, म्हणजे दव जमायला जागा राहत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला डबा घाला आणि तो तारेने बांधा. हा धडा मला बैलाच्या किमतीला पडला आहे. बॅटरीचे ऋण टोक काढा. महिन्यातून एकदा चालवायचे तर अर्धा तास, चांगले तापेपर्यंत, जमले तर थोडे ओझे देऊन चालवा. पाच मिनिटे घरघर करून बंद केले तर जळणातून तयार झालेले पाणी आतच राहते आणि गंज वाढतो. त्यापेक्षा न चालवलेले बरे.

आपल्याकडे ओल आठ दिवस टिकते आणि यंत्र वर्षभर उभे असते. म्हणून तपासणीचा तो एक तास पाऊस पडल्यावर शोधू नका. पाऊस पडायच्या आधी, हाताला काम नसते त्या दिवसांत काढून ठेवा. इथून घरी गेल्यावर दुसरे काही करू नका, आपल्या सायलेन्सरवर डबा आहे का तेवढे बघा. थोरले काका आता नाहीत. पण किल्लीला हात घालताना मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो: "अरे, जरा थांब." तेवढा आवाज तुमच्याही कानात राहो.

एवढे बोलून मी थांबतो.